उशिरा बहरलेले आघाडीवीर



सिकंदराबादेहून बोलारमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अम्मुगुडा नावाचे एक लहानसे स्थानक लागते. लष्करी छावणीच्या कडेला वसलेली ही वस्ती. प्रवासी तेथे उतरतात ते बहुधा घरी जाण्यासाठीच. पाहण्यासारखे तेथे काही आहे असे कोणी सांगत नाही. ह्या वस्तीत १९३६ साली तुलसीदास बलरामचा जन्म झाला. घरची गरिबी इतकी की फुटबॉलचे बूट विकत घेणे आईबापांच्या स्वप्नातही नसावे. पोलिसांच्या टाकून दिलेल्या जुन्या बुटांचे चामडे घेऊन एका चांभाराने त्याला बूट जोडून दिले, अशी हकीकत बलराम उतारवयात सांगत असे. त्या बुटांनी तो जो पळत सुटला तो वयाच्या विसाव्या वर्षी मेलबोर्नच्या ऑलिंपिकपर्यंत जाऊन पोहोचला.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण आम्हां शिक्षकमंडळींच्या तोंडी फार. बलरामसारखा मुलगा पाहिला म्हणजे ती खरीही वाटते. परंतु ज्यांचे पाय पाळण्यात दिसले नाहीत, पंधराव्या वर्षी दिसले नाहीत, विसाव्या वर्षीही दिसले नाहीत, आणि मग पंचविशी ओलांडल्यावर, क्वचित तिशीही ओलांडल्यावर जे एकाएकी गोलांमागून गोल करू लागले, त्यांचे काय? आणि त्याहून अवघड प्रश्न असा की, असा उशिरा आलेला बहर टिकतो का? आज ह्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे; आणि तो मुख्यतः हैदराबाद-सिकंदराबाद ह्या जुळ्या शहरांच्या अंगणात उभे राहूनच.

येथील फुटबॉलचा इतिहास सांगावयाचा तर एका शाळामास्तराचे नाव प्रथम घ्यावे लागते, आणि ते घेताना माझ्यासारख्या शाळामास्तराची छाती थोडी फुगली तर श्रोत्यांनी क्षमा करावी. सय्यद अब्दुल रहीम हे १९०९ साली जन्मले. काचिगुडा, चादरघाट अशा ठिकाणच्या शाळांतून त्यांनी मुलांस शिकविले. १९५० साली हैदराबाद शहर पोलीस संघाची धुरा त्यांच्याकडे आली, आणि त्याच वर्षापासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वेळा ह्या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. कूपरेजच्या मैदानावर दरसाल निजामाच्या मुलखातले हे पोलीस येत आणि चषक घेऊन जात. पुढे संतोष चषकाच्या १९५६ आणि १९५७ सालच्या दोन्ही स्पर्धांत हैदराबादने अंतिम सामन्यात हरविले तेही मुंबईलाच. दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुने हैदराबाद राज्य विसर्जित होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला होता. मैदानावर मात्र हैदराबादचे नाव आणखी काही वर्षे टिकले. राज्य मोडले तरी संघ जिवंत राहतो, हे येथे एकदा घडले. त्याच्या उलट प्रकारही पुढे पाहावयाचा आहे.

बलराम रहीमसाहेबांच्या दृष्टीस पडला तो ह्याच काळात. अम्मुगुड्याहून हैदराबादला रोज सरावास येण्याजोगे गाडीभाडे पोराजवळ नव्हते. रहीमसाहेबांनी त्याला सायकल मिळवून दिली. शिक्षण म्हणजे काय, ह्याविषयी पुष्कळ ग्रंथ आहेत. मला ही सायकल त्यांतील कित्येकांहून मोलाची वाटते. बलराम पुढे कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडे गेला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याने हंगेरीविरुद्ध गोल केला आणि पेरूविरुद्धही केला. १९६१ साली तो ईस्ट बंगालचा कर्णधार होता. १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघात तो होता, आणि त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यानंतरच्याच वर्षी, १९६३ मध्ये, फुप्फुसाच्या विकाराने त्याचा खेळ संपला. वय सत्तावीस. ज्या वयात पुष्कळ आघाडीवीरांना आपल्या कलेचा अर्थ कळू लागतो, त्या वयात बलरामने बूट खुंटीला टांगले. तो २०२३ साली निवर्तला. म्हणजे खेळाडू म्हणून जगला त्याच्या अनेक पटींनी अधिक वर्षे तो निवृत्त म्हणून जगला. त्याच १९६३ च्या जून महिन्यात रहीमसाहेबही कर्करोगाने गेले.

तेव्हा लवकर फुललेले ते टिकते आणि उशिरा फुललेले ते कोमेजते, असा सरळ हिशेब ह्या भूमीत तरी मांडता येत नाही. मुंबईच्या नेव्हिल डिसोझाचे उदाहरण घ्या. मूळचा गोव्याचा हा मुलगा १९५६ साली मेलबोर्नला यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून एका दिवसात जगाला ठाऊक झाला. आपण तो सामना चार विरुद्ध दोन असा जिंकला. पुढे युगोस्लाव्हियाविरुद्धचा आपला एकमेव गोलही त्याचाच. वय चोवीस. चार वर्षांनी रोमला जाणाऱ्या संघात तो नव्हता. १९८० साली वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले.

आणि जर्नेलसिंग? हा तर मूळचा बचावपटू. भिंतीसारखा उभा राहणारा. जाकार्त्यात थायलंडविरुद्धच्या सामन्यात त्याचे डोके फुटले, टाके पडले. अशा माणसाला विश्रांती द्यावी की नाही? रहीमसाहेबांनी त्याला उपांत्य सामन्यात सेंटर फॉरवर्ड म्हणून पुढे उभे केले! दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने गोल केला, आणि ४ सप्टेंबर १९६२ रोजी दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातही केला. आपण दोन विरुद्ध एक जिंकलो. सव्विसाव्या वर्षी आघाडीवीर झालेला हा मनुष्य त्या दोन सामन्यांपुरता अजिंक्य होता. हा बहर टिकला का, असे विचारणेच गैर; तो टिकावा म्हणून आलाच नव्हता.

आता अलीकडच्या काळाकडे वळू. २०१९ साली पुण्याचा व्यावसायिक फुटबॉल संघ मोडला आणि त्याची जागा हैदराबादला मिळाली. आमच्या मराठी गावाचा संसार मोडून ह्या शहराचा संसार थाटला गेला, ह्याचे मला सुखही वाटले आणि थोडे दुःखही. दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, ह्या हैदराबाद संघात बार्थोलोम्यू ओगबेचे नावाचा एक नायजेरियन आघाडीवीर आला. त्याचे वय तेव्हा सदतिसाव्यात पडत होते.

ओगबेचेचे पूर्वायुष्य थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आजच्या विषयाचे सारे मर्म त्यात आहे. २००२ सालच्या विश्वचषकात नायजेरियाने अर्जेंटिनाविरुद्ध जो संघ उतरविला त्यात हा पोरगा पहिल्या अकरांत होता. वय सतरा! पॅरिसच्या सुप्रसिद्ध संघातही त्याला तेव्हाच जागा मिळाली होती. पाय पाळण्यात दिसले म्हणतात ते ह्याहून अधिक कसे दिसावेत? परंतु त्यानंतरची सोळा वर्षे म्हणजे नुसती भटकंती. फ्रान्समधले दुसरे संघ, आखातातला संघ, स्पेनमधले तीनचार, ग्रीस, इंग्लंड, हॉलंड. कोठे चांगला हंगाम, कोठे बाकावर बसून राहणे. सतरा वर्षांच्या त्या मुलाविषयी लोकांनी जी भाकिते केली असतील, त्यांतील एकही खरे ठरले नव्हते, असेच २०१८ साली कोणीही म्हटले असते.

त्या वर्षी तो गुवाहाटीच्या संघातून भारतात खेळू लागला आणि हंगाम सुरू होताच चौतीस वर्षांचा झाला. पहिल्याच महिन्यात चेन्नईविरुद्ध संघ तीन विरुद्ध एक असा मागे पडला होता; त्या सामन्यात एकूण तीन गोल करून त्याने सामना फिरविला. त्या हंगामात त्याचे बारा गोल झाले. पुढच्या हंगामात केरळकडून पंधरा. त्यापुढे मुंबईकडून आठ. आणि मार्च २०२१ मधील अंतिम सामन्यात शेवटच्या घटकेस बिपिनसिंगने जो विजयी गोल मारला, त्याला चेंडू पुरविणारा हाच. मग हैदराबाद. २०२१-२२ च्या हंगामात अठरा गोल, आणि सर्वाधिक गोलांचा सुवर्ण बूट. सदतीस वर्षांचा मनुष्य! पुढच्या हंगामात दहा. पाच हंगामांची बेरीज त्रेसष्ट. ह्या स्पर्धेत तोवर इतके गोल कोणाचेच नव्हते.

ह्यावर कोणी म्हणेल की, युरोपात जे जमले नाही ते भारतात जमले, ह्यात नवल काय? स्पर्धाच दुय्यम. हा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. परंतु त्याच स्पर्धेत ओगबेचेहून मोठ्या नावाचे कितीतरी परदेशी आघाडीवीर आले आणि दोनचार गोल करून परत गेले. नाव येथे गोल करीत नाही. ओगबेचेचा खेळ ज्यांनी पाहिला त्यांना आठवेल की, तो फारसा पळत नसे. पेनल्टीच्या चौकटीच्या आसपास तो उभा असे, काहीसा बेफिकीर. आणि चेंडू जेथे येणार तेथे तो चेंडूच्या आधी पोहोचलेला असे. सतरा वर्षांच्या मुलाला हे येत नाही. त्याला पळणे येते. कोठे पळू नये, हे कळावयास बहुधा पंधरावीस वर्षे लागतात आणि पुष्कळसे अपमान लागतात.

येथे एक गोष्ट मनाला फार लागते. ज्या हंगामात त्याने अठरा गोल केले, तो सारा हंगाम महामारीमुळे गोव्यात, बंद दारांआड खेळविला गेला. हैदराबादचे घरचे सामने बांबोळीच्या मैदानावर झाले. म्हणजे ह्या शहराच्या नावावर झालेले ते गोल ह्या शहराने मैदानात बसून पाहिलेच नाहीत. २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्याला अंतिम सामना झाला तेव्हा कोठे प्रेक्षकांस प्रवेश मिळाला. तेही बहुतेक केरळचे, पिवळ्या पोशाखातले. केरळने आघाडी घेतली. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला साहिल तावोरा ह्या गोव्याच्याच मुलाने बरोबरी साधली. मग पेनल्टीच्या फटक्यांत गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी ह्याने तीन फटके अडविले, तोही गोव्याचाच. हैदराबाद विजेते झाले. सिकंदराबादेत त्या रात्री फटाके वाजले का? मला तरी ऐकू आले नाहीत.

आणि नंतर काय झाले? २०२३ मध्ये ओगबेचे संघ सोडून गेला. त्याच सुमारास संघाची देणी थकली; जागतिक संघटनेने नवे खेळाडू नोंदविण्यास बंदी घातली; परदेशी खेळाडू एकामागून एक निघून गेले; २०२३-२४ च्या हंगामात दोन वर्षांपूर्वीचा विजेता संघ तळाशी राहिला. शेवटी २०२५ साली संघाची जागा दिल्लीला गेली आणि हैदराबाद हे नावही पुसले गेले. पुष्कळ संघ पालटावे लागलेल्या खेळाडूविषयी आपण चटकन म्हणतो की, ह्याच्यात टिकाऊपणा नाही. येथे तर खेळाडू पाच हंगाम टिकला आणि त्याच्या पायाखालची जमीनच टिकली नाही. १९५६ मध्ये राज्य गेले आणि संघ राहिला होता. ह्या वेळी शहर जागच्या जागी आहे आणि संघ गेला.

उशिरा बहरलेल्यांचे यश टिकते का, ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना म्हणूनच नुसत्या गुडघ्यांकडे आणि फुप्फुसांकडे पाहून भागत नाही. तरीही बाहेरच्या जगात काय दिसते तेही पाहू. जर्मनीचा मिरोस्लाव्ह क्लोझ सुतारकाम शिकलेला होता. संत योसेफाच्या ह्या व्यवसायबंधूविषयी मला जरा अधिक जिव्हाळा वाटतो, हे कबूल करतो. विसाव्या वर्षापर्यंत तो आपल्या गावाजवळच्या, सातव्या दर्जाच्या संघात खेळत होता. २०१४ साली, छत्तिसाव्या वर्षी, त्याने विश्वचषकातला आपला सोळावा गोल मारून ब्राझीलच्या रोनाल्डोचा विक्रम मोडला, तोही ब्राझीलमध्ये, ब्राझीलविरुद्धच. इटलीचा लुका तोनी अठ्ठाविशीच्या पुढे खऱ्या अर्थाने नावारूपास आला. २००५-०६ मध्ये त्याने एकतीस गोल केले, त्याच वर्षी विश्वचषक जिंकला. आणि जग त्याला विसरू लागले असता २०१४-१५ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, पुन्हा इटलीतील सर्वाधिक गोलांच्या मानात वाटेकरी झाला. हे दोघे उंच, डोक्याने गोल करणारे, जागा ओळखणारे. वेग हे त्यांचे भांडवल नव्हते, म्हणून ते खर्चही झाले नाही, असे म्हणता येईल.

परंतु जेमी व्हार्डी हा सिद्धांत उधळून लावतो. सोळाव्या वर्षी शेफील्डच्या संघाने काढून टाकलेला हा मुलगा कारखान्यात मोडलेल्या हातापायांना बांधावयाच्या आधारपट्ट्या बनवीत असे आणि सुटीच्या दिवशी गावठी संघांतून खेळत असे. पंचविसाव्या वर्षी लेस्टरने त्याला घेतले. २०१६ मध्ये लेस्टर इंग्लंडचे विजेते झाले. त्या हंगामात व्हार्डीने ओळीने अकरा सामन्यांत गोल केले. पंडितांनी सांगितले, हा एका हंगामाचा चमत्कार. वेग गेला की मनुष्य संपला. २०१९-२० मध्ये तेहतीस वर्षांच्या व्हार्डीने तेवीस गोल करून सुवर्ण बूट पटकावला, आणि २०२५ मध्ये लेस्टर सोडले तेव्हा त्याच्या नावावर पाचशे सामन्यांत दोनशे गोल होते. त्याचे भांडवल वेगच होते! मात्र ज्या संघाने त्याला उचलले तो त्याने तेरा वर्षे सोडला नाही, आणि संघानेही त्याला सोडले नाही. ही गोष्ट विसरता कामा नये.

उलट साल्व्हातोरे स्किलाची. पालेर्मोच्या गरीब वस्तीतला मुलगा. पंचविशी आली तरी देशाच्या संघात नाव नाही. १९९० च्या मार्च महिन्यात पहिला सामना. जून-जुलैत विश्वचषकात सहा गोल, सर्वाधिक, आणि सर्वोत्तम खेळाडूचा मानही. सारी इटली त्याच्या विस्फारलेल्या डोळ्यांच्या प्रेमात पडली. त्यानंतर देशासाठी त्याने आणखी फक्त एक गोल केला. एकूण सात. १९९४ मध्ये तो जपानला खेळावयास गेला. २०२४ साली वारला. स्किलाचीचे काय चुकले? माझ्या मते, काही चुकले नाही. त्याचा बहर एका ऋतूचा होता आणि तो ऋतू त्याने पूर्ण दिला. लोकांनी मात्र त्याला बारमाही समजून पाणी घातले आणि मग रागावले.

आणखी एक मनुष्य राहिला. सुनील छेत्री हा ३ ऑगस्ट १९८४ रोजी ह्याच सिकंदराबादेत जन्मला. वडील लष्करात होते, बदलीची नोकरी, मुलगा वाढला दुसरीकडेच. त्याला उशिरा बहरलेला म्हणता येणार नाही. वीस वर्षांचा असताना, २००५ मध्ये, पाकिस्तानविरुद्ध क्वेट्ट्याला पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला होता. पण परदेशांतील दोन्ही प्रयत्न फसले, आणि त्याचे खरे पीक तिशीनंतरच अधिक आले. जून २०२४ मध्ये तो चौऱ्याण्णव गोलांवर देशाच्या संघातून निवृत्त झाला. मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलाविले आणि मालदीवविरुद्ध पंचाण्णवावा गोल झाला. तेव्हा तो चाळिशी ओलांडून बसला होता. ओगबेचेच्या त्रेसष्ट गोलांशी त्याने सप्टेंबर २०२४ मध्ये बरोबरी केली, ती हैदराबाद संघाविरुद्ध दोन गोल करून. सिकंदराबादेत जन्मलेल्याने हैदराबादवर गोल करून हैदराबादच्या माजी आघाडीवीराला गाठले. आणि दोन्ही शहरांत ही गंमत फारशी कोणाच्या ध्यानी आली नाही. चाळिसाव्या वर्षी देशाला त्यालाच परत बोलवावे लागले, ह्यात त्याचे कौतुक आहे तितकीच आपली नामुष्कीही आहे. मधल्या वीस वर्षांत उशिरा बहरणारी किती झाडे आपण पंधराव्या वर्षीच उपटून टाकली, ह्याची मोजदाद कोण करणार?

त्या पापात माझाही वाटा आहे. काही वर्षांपूर्वी शाळेच्या संघाची यादी करताना एका पंधरा वर्षांच्या मुलाचे नाव मी स्वतःच्या हाताने खोडले. मुलगा ठेंगणा, संथ. चेंडू पायाशी आला की विचारात पडे. 'बाळ, तू अभ्यासाकडे लक्ष दे,' असे मी त्याला सांगितले. तो काही बोलला नाही. चोविसाव्या वर्षी तो मला चर्चच्या आवारात भेटला. म्हणाला, 'सर, मी एका कचेरीच्या संघात सेंटर फॉरवर्ड खेळतो. रविवारी सामना आहे, याल का?'

मी गेलो. कडेला उभा राहून नव्वद मिनिटे पाहिले. तो अजूनही संथच होता. चेंडू येण्यापूर्वी तो एकदा मान वळवून मागे पाही, ही सवय मात्र नवी होती. किंवा ती पूर्वीपासूनच होती आणि मी तिलाच विचारात पडणे म्हणत होतो. पहिल्या अर्ध्यात काही घडले नाही. दुसऱ्या अर्ध्यात उजव्या बगलेवरून चेंडू आला, बचावपटू दोघेही त्याकडे धावले, आणि हा दोन पावले उलट मागे सरकला. चेंडू दोघांच्या मधून निसटून त्याच्याच पायाशी आला. त्याने तो जोरात मारलाही नाही, नुसता ढकलला. सामना संपल्यावर तो घामाघूम होऊन माझ्याकडे आला आणि पुढच्या रविवारी आणखी एक सामना आहे, असे म्हणाला.